नाव आणि पैसा: बिल कोण भरतं?

(अकोल्यात तरुण-तरुणींच्या बैठकीत झालेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



सकाळी अमरावतीहून एसटीनं निघालो. बडनेरा, लोणी, मूर्तिजापूर करत इथं पोचलो. या रस्त्यावर पूर्वी माणसाची कंबर मोडायची, आता बसमध्ये डोळा लागतो. तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल, जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटरचा डांबरी थर टाकला गेला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. प्रमाणपत्र मिळालं, फोटो छापून आले, देशभर बातमी झाली. जूनच्या सुरुवातीचं वऱ्हाडातलं ऊन, वरून तापलेलं डांबर, आणि त्यात रात्रंदिवस पाळ्या लावून सातशेवर माणसं राबली. त्यांतल्या एकाचंही नाव मला सांगता येत नाही. तुम्हालाही येणार नाही.

ही तक्रार नाही. रस्ता चांगला झाला, मी त्यावर झोपत आलो. पण तुम्ही मला विषय दिलात प्रसिद्धी आणि पैशाच्या धोक्यांचा, म्हणून खिडकीतून बघताना ते डोक्यात घोळत राहिलं. मी निवृत्त शिक्षक. प्रसिद्धी म्हणाल तर शाळेच्या गॅदरिंगपुरती. पैसा मात्र एकदा घरात आला होता. ते सांगणार आहे, पण आधी दुसऱ्यांचं सांगतो. दुसऱ्यांचं सांगणं सोपं असतं.

मघाशी मी हात वर करायला सांगितले, हजाराच्या वर फॉलोअर कोणाचे म्हणून. अर्ध्याहून जास्त हात वर आले. त्या मागच्या खुर्चीवरच्या पोराचे चाळीस हजार आहेत म्हणे. माशाअल्लाह. तर आपल्या अमरावतीत जन्मलेल्या एका माणसाची गोष्ट ऐका, ज्याचे फॉलोअर मोजायला तेव्हा काही साधन नव्हतं.

भगवान आभाजी पालव, जन्म १९१३, अमरावती. वडील मुंबईत कापड गिरणीत कामाला. पोरगं गिरणगावात वाढलं, मजुरी केली, कुस्तीचा नाद, म्हणून पुढे ‘भगवानदादा’. मूकपटाच्या काळात सिनेमात शिरले आणि मग मारामारीचे, स्टंटचे, कमी खर्चाचे चित्रपट काढत राहिले. नटांच्या जेवणापासून कपड्यांपर्यंत सगळं स्वतः बघायचं, आणि पासष्ट हजारांत अख्खा सिनेमा उभा करायचा. बघणारे गिरणीतले कामगार, हमाल, टांगेवाले. मोठ्या लोकांनी त्यांना नावं ठेवली, पण थिएटर भरत होतं.

मग १९५१ साली ‘अलबेला’ आला. राज कपूरनी सल्ला दिला होता की आता सामाजिक चित्रपट काढ. संगीत सी. रामचंद्रांचं, नायिका गीता बाली. त्यातली गाणी तुमच्या आजोबांना पाठ असतील, आणि तो कंबरेतून हलका झोका देत केलेला नाच तर तुम्हीही लग्नाच्या वरातीत केलेला आहे, फक्त तो कोणाचा हे माहीत नाही. कथा काय होती? एक गरीब कारकून. बहिणीच्या लग्नासाठी पैसे कमी पडतात, घरात भांडण होतं, तो घर सोडतो, रंगभूमीवर नाव कमावतो. परत येतो तेव्हा घर पहिलं राहिलेलं नसतं. सिनेमा चालला, तुफान चालला. जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला झाला. सात गाड्या आल्या, आठवड्याच्या प्रत्येक वारासाठी एक.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. नंतरचे चित्रपट तसे चालले नाहीत. एकात सगळं लावलं आणि तो पुराच झाला नाही. बंगला गेला, गाड्या गेल्या, आणि हा माणूस दादरच्या चाळीत राहायला आला. सोबतचे बहुतेक लोक पांगले. सी. रामचंद्र, ओमप्रकाश आणि गीतकार राजेंद्र कृष्ण एवढेच चाळीत भेटायला येत राहिले असं सांगतात. अख्ख्या इंडस्ट्रीतून तिघं. मी हा आकडा वर्गात मुलांना सांगायचो, तेव्हा मुलं हसायची.

या गोष्टीचं तात्पर्य सगळे एकच काढतात, की पैसा टिकत नाही, जपून वापरा, एफडी करा. मला दुसरीच गोष्ट खुपते. पैसा गेला तो गेलाच, पण प्रसिद्धी गेली नाही. ती परत करता येत नाही हो. बंगला विकता येतो, चेहरा कोणाला विकणार? पुढची कितीतरी वर्षं या माणसाला छोटी छोटी कामं मिळत राहिली, आणि बहुतेक ठिकाणी मागणी एकच: दादा, तो नाच करा. पात्र कोणतं का असेना, दोन पावलं तीच. चाळीसमोरून गणपतीची मिरवणूक निघाली की थांबायची, आणि म्हातारे भगवानदादा खाली येऊन तो झोका देऊन दाखवायचे, असं दादरची माणसं आजही सांगतात. प्रेमच होतं ते, मी नाकारत नाही. पण विचार करा, तुमचा एक रील तीस लाखांवर गेला आणि पुढची पन्नास वर्षं तुम्हाला दारात उभं राहून तेच करायला लावलं तर? ४ फेब्रुवारी २००२ ला ते वारले. २०१६ मध्ये त्यांच्यावर मराठी चित्रपट निघाला. त्याचंही नाव ‘अलबेला’वरूनच ठेवलं गेलं.

आता त्याच आयुष्यातला दुसरा प्रसंग. १९४२ सालचा, म्हणजे ‘अलबेला’च्या आधीचा. ‘जंग-ए-आझादी’ नावाच्या सिनेमाचं शूटिंग. दृश्य असं की भगवाननी नायिकेला थप्पड मारायची. मारली, आणि जोरात बसली. ती नायिका म्हणजे ललिता पवार. चेहऱ्याच्या एका बाजूला लकवा झाला, डाव्या डोळ्याची शीर फुटली, तीन वर्षं उपचार चालले. डोळा पूर्वीसारखा झाला नाही. नायिकेची कामं संपली, आणि पुढे आपण त्यांना कजाग सासू म्हणून ओळखलं. त्यांनी त्यातही मोठं काम केलं, हा त्यांचा कर्तबगारपणा. मुद्दाम कोणी केलं नव्हतं. शॉट जोरदार व्हावा, एवढीच इच्छा. पण बिल कोणाच्या नावावर निघालं ते बघा.

आज मला तुमच्याकडून एवढंच हवं आहे. नाव आणि पैसा वाईट की चांगला, ही चर्चा मौलानासाहेबांवर सोडा. तुम्ही फक्त विचारत जा की याचं बिल कोण भरतंय.

रीलवाल्यांकडे येतो. बाईकचा स्टंट तुम्ही करता, मागे मित्र बसलेला असतो. बहिणीची थट्टा करणारा व्हिडिओ तुम्ही टाकता, हसणारे हजारो, आणि कॉलेजात दुसऱ्या दिवशी मान खाली घालून जाते ती. अम्मी स्वयंपाकघरात काहीतरी बोलली, तुम्ही गुपचूप शूट केलं, व्ह्यूज आले. तिला विचारलं होतं? माझ्या ओळखीच्या एका घरात आई आता मुलगा घरात असेपर्यंत मोठ्यानं बोलतच नाही.

आणि काही बिलं अशी असतात की ती तुमचा काही दोष नसताना येतात. जुलै २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ आणि १ जानेवारी २०२२ ला ‘बुल्ली बाई’ नावाची दोन ॲप निघाली. बोलणाऱ्या, लिहिणाऱ्या, दिसणाऱ्या मुस्लिम स्त्रियांचे फोटो त्यांवर टाकले आणि त्यांचा ‘लिलाव’ मांडला. त्यात पत्रकार होत्या, वकील होत्या, विमान चालवणारी पायलट होती. मुंबई पोलिसांनी पुढे अटकाही केल्या. तेव्हा मोहल्ल्यात मला दोघा-तिघांनी ऐकवलं की म्हणूनच मुलींनी फोटो टाकू नयेत. हा अजब न्याय आहे. चोरी झाली तर घरमालकालाच कोंडायचं? त्या स्त्रियांपैकी कित्येकींनी गप्प न बसता तक्रारी केल्या, म्हणून पोलीस हलले. मी हे सांगतो ते एवढ्यासाठी की प्रसिद्धीची किंमत सगळ्यांना सारखी लागत नाही. चाळीस हजारवाल्या त्या पोराला शिव्या येतात, त्या तो विसरतो. त्याच्याच वर्गातल्या मुलीला ज्या येतात त्या घरापर्यंत, भावापर्यंत, रिश्त्यापर्यंत जातात. तेव्हा एखादीनं अकाउंट बंद केलं तर तिला भित्री म्हणू नका, आणि चालू ठेवलं तर नावं ठेवू नका. कोणी तिच्या फोटोखाली घाण लिहिलं तर तुमच्यातल्या किती जणांनी तिथं उत्तर दिलं, ते मनातल्या मनात मोजा.

थोडं हलकं बोलू या. गाडगेबाबांचं शेंडगाव माहीत आहे ना, अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं? ज्या माणसानं धर्मशाळांवर धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतः खापराचं गाडगं घेऊन फिरला. त्याच अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे. शाळेत खिचडी शिजवायच्या, महिन्याला दीड हजार रुपये. २०१९ साली ‘कौन बनेगा करोडपती’त एक कोटी जिंकल्या. सात कोटींच्या प्रश्नाला त्यांनी खेळ सोडला. मला त्या भागातलं सगळ्यात जास्त आवडलं ते हेच. सगळा देश बघतोय, समोर अमिताभ बच्चन, आणि वऱ्हाडातली एक बाई म्हणते की एवढं पुरे, मला उत्तराची खात्री नाही. त्यांची तेव्हाची इच्छा काय, तर एक मोबाइल घ्यायचा, कारण घरात सगळ्यांत मिळून एकच होता. आणि खिचडी शिजवत राहीन असंही त्या म्हणाल्या होत्या.

याच खेळात आठ वर्षं आधी, २०११ मध्ये, बिहारच्या मोतिहारीच्या सुशील कुमारनी पाच कोटी जिंकले होते. ते मनरेगाच्या कामावर कॉम्प्युटर ऑपरेटर होते, पगार सहा हजार. मग काय झालं, ते त्यांनी स्वतःच २०२० साली फेसबुकवर लिहिलं, म्हणून मी सांगू शकतो. महिन्यातले कितीतरी दिवस कार्यक्रमांना पाहुणा म्हणून जायचं, शिक्षण मागे पडलं. गुप्तदानाच्या नावाखाली फसवणारे भेटले. बायको सांगत होती की खरं-खोटं ओळखत नाही तुम्ही, तर तिच्याशीच भांडणं, वेगळं होण्यापर्यंत. सिगारेट, दारू. सिनेमा काढायला मुंबईला गेले आणि तिथं कळलं की आपण पळून आलो आहोत. मग गावी परतले, शिकवू लागले, चाफ्याची झाडं लावत फिरू लागले. माणसानं स्वतःहून एवढं लिहावं याला हिंमत लागते. त्यात मला एकच ओळ महत्त्वाची वाटली, बायको सांगत होती ती. घरात ‘नाही’ म्हणणारं माणूस होतं. पैसा आला आणि तिचा आवाज पोचेनासा झाला.

आता माझं.

वऱ्हाडाला अचानक आलेला पैसा नवा नाही. १८६१ मध्ये तिकडे अमेरिकेत यादवी पेटली, इंग्लंडच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, आणि आपल्या पांढऱ्या सोन्याचे भाव आभाळाला भिडले. तेव्हा शेतकऱ्यांनी बैलगाड्यांच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, अशी गोष्ट सांगतात. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले, आणि कर्ज मागे राहिलं. हल्ली चांदीची धाव नसते, स्कॉर्पिओ असते. समृद्धी महामार्ग आला, चौपदरी रस्ते आले, जमिनी गेल्या आणि ज्यांनी आयुष्यात दहा हजारांची थप्पी एकत्र पाहिली नव्हती त्यांच्या खात्यात आकडे पडले. आमची जमीनही एका रस्त्यात गेली. अब्बांची. त्यात संत्र्याची बाग होती आणि विहीर होती.

मोबदला आला तो आठवडा मला आठवतो. विमा एजंट आला, प्लॉटवाला आला, वीस वर्षं न भेटलेला चुलत चुलता आला. टपरीवर मला लोक ‘सर’ म्हणायचे, ते ‘सेठ’ म्हणायला लागले. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. चहाचे पैसे सगळ्यांचे मीच द्यायला लागलो. धाकट्या भावानं गाडी घेतली. कोणीतरी महिन्याला पाच टक्के देतो म्हणाला, त्याच्याकडे त्यानं बरीच रक्कम ठेवली. चार महिने पैसे आले, पाचव्या महिन्यात फोन बंद.

पण ती रक्कम गेली त्याचं मला फारसं काही नाही. आमची एक बहीण आहे, मोठी. बाजी. परतवाड्यात असते, तिच्या मिस्टरांचं शिलाईचं दुकान. अब्बांच्या नंतर सात-बारावर तिचंही नाव लागलं होतं. मोबदल्याच्या आधी आम्ही दोघं भाऊ तिच्याकडे हक्कसोडपत्र घेऊन गेलो. आम्ही म्हटलं, बाजी, कागदपत्रं सोपी होतील, एवढंच आहे. मी शिकलेला माणूस. वारसाहक्कावर बैठका घेतलेल्या. बहिणीचा हिस्सा आपल्याकडे ठरलेला आहे, त्यात भावाची मेहरबानी नाही, असं मी इतरांना व्यासपीठावरून सांगितलेलं. दुसऱ्या समाजातले मित्र राखीला साडी देऊन सही घेतात म्हणून मी त्यांची चेष्टा करायचो. आमच्याकडे फक्त साडीच्या जागी ईदी असते. कारूनची गोष्ट आपण सगळ्यांनी मक्तबात ऐकलेली आहे. त्या गोष्टीत आपण स्वतः कारून असू, असं कोणत्याही पोराच्या मनात येत नाही. माझ्याही आलं नाही.

बाजीनं वाचलं आणि सही केली. चहा केला. काही बोलली नाही.

त्यानंतरच्या ईदला ती आली, पण शीरखुर्मा पिऊन दुपारीच निघाली. पूर्वी मुक्कामी राहायची. तिची मुलं यायची थांबली. आम्ही आपसात म्हणालो, संसारात गुंतली आहे. दोन वर्षांनी तिच्या मिस्टरांचं ऑपरेशन झालं. आम्हाला कळलं ते तिसऱ्याकडून, आणि हेही कळलं की तिनं बचत गटातून कर्ज काढलं. दोन भाऊ, दोघांच्या बँकेत पैसे, आणि तिनं आम्हाला फोन केला नाही. मागायला लाज वाटली असेल असं मला आधी वाटलं. नंतर लक्षात आलं की मागायचं तिच्याकडे काही उरलंच नव्हतं. जे तिचं होतं तेच मागायचं, तर आधी आमची चोरी बोलून दाखवावी लागली असती. तिनं आमची इज्जत राखली, आणि त्याचं व्याज गटाला भरत राहिली.

गेल्या वर्षी मी वही काढली. मोबदल्याची रक्कम, तिचा हिस्सा, एवढ्या वर्षांत बँकेत पडून राहिला असता तर झालेली वाढ. माझ्या वाट्यातून जेवढं तिचं निघत होतं तेवढ्याचा चेक घेऊन परतवाड्याला गेलो. रस्ताभर भाषण पाठ करत होतो. माफी कशी मागायची, ती रडली तर काय म्हणायचं. तिनं मला बसवलं, चष्मा लावला आणि वही हातात घेतली. मला वाटलं होतं, ती म्हणेल राहू दे रे भाई. ती बराच वेळ बोट ठेवून आकडे वाचत राहिली. मग म्हणाली, “और कुएँ के पैसे? वो इसमें नहीं दिख रहे.”

विहिरीचा मोबदला वेगळा आला होता. झाडांचाही वेगळा येतो. मी फक्त जमीन धरली होती. मुद्दाम नाही, खरंच सांगतो, पण हिशेब करताना माझ्या बाजूची चूक कशी बरोब्बर माझ्याच फायद्याची झाली ते बघा. तिला अब्बांनी ती विहीर खणली तेव्हाचा सुरुंगाचा आवाज आठवत होता. ती आठ वर्षांची होती आणि मी कडेवर.

चेक तिनं घेतला. ईदला या वेळी ती रात्री राहिली, मुलं मात्र अजून येत नाहीत. विहिरीचे पैसे मी पुढच्या महिन्यात पोचवले. संत्र्याच्या झाडांचा हिशेब बाकी आहे, कारण ती रक्कम धाकट्याच्या खात्यात गेली होती, आणि तो म्हणतो, सही झाली ती झाली. परवा रविवारी मी त्याच्याकडे चाललो आहे. वही सोबत नेणार आहे.